पिवळा टॅग

निनादचा मेसेज दोन ओळींचा होता.
त्यातली एक 'सॉरी'.
अंबडला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये,
मटकीची उसळ गार होत गेली
आणि मी टेबलाखाली बोटांवर दिवस मोजले:
दत्तजयंतीच्या आधीचा शनिवार.
एकोणीस.

तेव्हापासून शरीर सारखं काहीतरी
सांगायला येतंय.
बसले की टोचतं, उठले की थांबतं.
जीन्सची शिवण? नवा साबण?
की तेच?
बाथरूममध्ये मोबाइलचा टॉर्च,
पर्समधला टिकलीएवढा आरसा.
इतकं वाकून मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं,
प्रेमानेही नाही.
एक लाल ठिपका.
सकाळी होता, दुपारी नव्हता,
संध्याकाळी मीच चाचपून चाचपून
पुन्हा लाल केला.

'गीझर बंद केलास का गं?'
आई, दाराबाहेरून.

पंडित कॉलनीत कुणीतरी भेटणारच,
म्हणून नाशिकरोडची लॅब गाठली.
शहर वाढलं म्हणतात, उड्डाणपूल आले;
रक्त द्यायला गेलं की ते पुन्हा
एका गल्लीएवढं होतं.
काउंटरवरची मुलगी मोठ्याने वाचते,
'शलाका खैरनार, हर्पिस एक आणि दोन.
उपाशीपोटी नसलात तरी चालेल, मॅडम.'
शुगरसाठी आलेले एक काका
मफलर सारखा करतात
आणि भिंतीवरचा दरांचा तक्ता
पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात.

रिपोर्ट: एक पूर्णांक शून्य दोन.
पॉइंट नऊच्या खाली असता तर नाही,
एक पूर्णांक एकच्या वर असता तर आहे.
मी मधे.

शरणपूर रोडच्या डॉक्टरबाई चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
'घाई केलीस. फोड आला असता तर स्वॅब घेतला असता.
रक्ताला वेळ लागतो, बारा आठवडे धर.
आणि ऐक, अर्ध्याअधिक जगात हा असतो,
हा नाही तर याचा भाऊ.
बहुतेकांना पत्ताही नसतो.'
परतताना सिटीलिंकच्या बसमध्ये मी बावीस डोकी मोजली.
म्हणजे अकरा, वर एखादं.
सगळ्यांनी थंडीने तोंडं झाकलेली.

आईला इतकंच सांगितलं, अंगावर काही उठल्यासारखं वाटतंय.
ती पोळी तव्यावर तशीच ठेवून वळली.
'नागीण तर नाही ना?
तोंड-शेपूट जुळू देऊ नकोस बाई.
म्हसरूळला एकजण गेरूची रेघ ओढतो.'
नागीण घरात चालते.
ती कमरेवर येते, ती कुणाकडून येत नाही,
तिच्यासाठी शेजारून दहीभात येतो.
माझी तिच्याच कुळातली,
पण हिला उंबरा नाही.
'नाही गं,' म्हटलं, 'थंडीचं असेल.'
पोळी करपली होती. ती मीच खाल्ली.

नऊ वर्षं मी इन्स्पेक्शनला आहे.
गेज आत जातो किंवा जात नाही.
हिरवा टॅग, लाल टॅग.
जे ठरत नाही त्याला पिवळा,
आणि ते होल्डच्या रॅकवर.
आज त्या रॅकपाशी जरा जास्त वेळ उभी राहिले.
शिफ्टचा गवळी म्हणाला, 'काय मॅडम, पीस चुकला का?'
मी बुशिंग उचललं, पुसलं,
होतं तिथेच ठेवलं.

निनादला अजून उत्तर दिलेलं नाही.
रात्री दीडला राग येतो.
दोनला आठवतं, की तो न सांगताही राहू शकला असता.
अडीचला पुन्हा टॉर्च.

नव्या कॅलेंडरवर, मार्चच्या पहिल्या सोमवारी,
मी पेन्सिलीने एक टिंब केलंय.
आईला दिसलंच.
'गॅसचा नंबर लावायचाय का तेव्हा?'
'हो,' म्हटलं.
तिने त्यावर पेनने गोल केला,
विसरायला नको म्हणून.